मन दुखत असेल तर पोट धरा

तुम्हाला काही महिने झोप नाही, पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, लोकलमध्ये उगाचच रडू येतं आणि कुणा आगाऊ मित्राने 'एकदा थेरपिस्टला भेट' म्हणून सुचवलंय. त्याचं काय जातंय? त्याच्या घरात लग्नाचं कोणी राहिलं नसेल. तुमची बहीण अजून उजवायची आहे. तेव्हा घाई करू नका. आधी एखादा अवयव निवडा.

मन एक्स-रेत येत नाही, म्हणून ते दुखूही शकत नाही, हे आपल्याकडे सर्वमान्य आहे. दुखणं छातीत, कमरेत किंवा पोटात कुठेतरी बसवून घ्या. पोट सर्वांत उत्तम. 'पित्त झालंय' म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. फॅमिली डॉक्टर ईसीजी काढतील, मग टूडी एको, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, शेवटी दुर्बीण. सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर घरचे थोडे हिरमुसतील, पण खर्च झालेला दिसतो आणि दिसणाऱ्या खर्चाला घरात मान असतो. दुर्बिणीच्या दिवशी आत्या शहाळी घेऊन येईल, शेजारच्या वहिनी मऊ भात पाठवतील. नैराश्यासाठी शहाळं घेऊन आलेलं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही. सरतेशेवटी डॉक्टर पित्ताच्या गोळीबरोबर रात्रीची एक अर्धी गोळी लिहून देतील. ती कशाची, ते तुम्ही विचारायचं नाही आणि त्यांनी सांगायचं नाही.

पोट शेवटपर्यंत साथ देतं. 'पोटदुखीला कंटाळून आत्महत्या' ही बातमी तुम्ही जिल्ह्याच्या पानावर लहानपणापासून वाचत आला आहात. २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ माणसांनी जीव दिला. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. यातल्या किती जणांचं खरंच पोट दुखत होतं, हे खोदून विचारायची पद्धत नाही. पोटावर कुणाचाच आक्षेप नसतो. पोलिसांचा नाही, भाऊबंदांचा नाही, उद्या सोयरीक घेऊन येणाऱ्यांचाही नाही.

पोटाने भागलं नाही तर पत्रिका काढा. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा. तीन दिवस लागतात, पण साहेब ती रजा लगेच मंजूर करतात, वर 'माझ्याही नावाने नमस्कार करा' म्हणतात. दर गुरुवारी तासभर थेरपिस्टकडे जायचंय म्हणून लवकर सोडा, असं त्याच साहेबांना सांगून बघा. पुढच्या अप्रेझलपर्यंत सगळं ऑफिस तुमच्याशी मोठ्या फॉन्टमध्ये बोलायला लागेल.

तरीही फरक नसेल तर लग्न करा. 'दोनाचे चार झाले की होईल ठीक' हा उपचार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि तो कुठल्या प्रयोगशाळेत तपासावा असं कुणाला वाटलेलं नाही. हॉल, केटरर, बस्ता, मानपान हा सगळा औषधाचाच खर्च समजा. थेरपिस्ट दर तासाला फी घेतो, सून घेत नाही. आपल्याला कशासाठी आणलंय हे तिला माहीत नसतं, एवढाच फरक. पुढे तिचीही झोप उडाली तर घाबरू नका. तिला पित्त झालं असेल.

'नुसतं बोलायचे दीड हजार? माझ्याशी बोल की, फुकट!' असं म्हणणारे एक काका प्रत्येक घराण्यात असतात. जरूर बोला. चौथ्या मिनिटाला ते आपल्या अडकलेल्या ग्रॅच्युइटीवर येतील, दहाव्या मिनिटाला 'आमच्या वेळी नव्हती ही थेरं' म्हणतील, आणि रात्रीपर्यंत नागपूरच्या मावशीचा फोन येईल, 'काय रे, बरा आहेस ना?' थेरपिस्ट ऐकलेलं बाहेर बोलत नाही. अशा माणसाशी नातं कसं जुळायचं?

जागांची नावंही जपून घ्या. सरकारने ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर इथे मनोरुग्णालयं चालवली. आपण त्यांतून चार विनोद काढले. ठाण्याचं १९०१ पासून उभं आहे, विनोदही त्याच वयाचा असावा. येरवड्याची तर दुहेरी सोय आहे, तुरुंगही तिथेच. तुरुंगातून सुटलेल्या नेत्यावर जेसीबीने फुलं उधळतात, फटाक्यांच्या माळा लागतात. पलीकडच्या रुग्णालयातून बरा होऊन निघालेल्याला घरचे अंधार पडल्यावर रिक्षाने आणतात. त्यामुळे येरवड्याला जायचंच असेल तर एखादा घोटाळा करून जा.

कायद्याच्या नादी तर लागूच नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना बजावलंय की शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजारालाही द्या. असल्या क्लेमच्या कागदावर घराण्याचं नाव येऊ देऊ नका. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा साधारण दहा प्रौढांमागे एकाला मानसिक आजार निघाला. म्हणजे तुमच्या चाळीस जणांच्या 'आपलं कुटुंब' ग्रुपवर चारेक जण. सकाळी सूर्योदयाचा फोटो टाकून 'सकारात्मक राहा' लिहिणारे धरून. आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेच नव्हते. इतक्या लोकांनी अब्रू सांभाळली, तुम्हालाच काय झालंय?

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर तर मुळीच फोन करू नका. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री तीनलाही लागतो, मराठीत बोलता येतं. इतकं सोपं असलेलं काही चांगलं असतं का? फारच वाटलं तर नंबर 'गॅस सिलिंडर' नावाने सेव्ह करून ठेवा.

एवढं करूनही पाय तिकडेच वळत असतील, तर निदान रीतीने जा. दवाखाना दुसऱ्या गावात निवडा, जिथे खाली दाताचा डॉक्टर आणि वर मानसोपचारतज्ज्ञ आहे असा. जिना चढताना गाल धरा. वेटिंगमध्ये मान खाली, समोर मासिक. तरी सोसायटीचे सेक्रेटरी भेटतीलच. तेही मासिकामागेच असतील. त्यांनी 'मी आपला मेहुण्याला घेऊन आलोय' म्हटलं की लगेच 'मीसुद्धा' म्हणा. मेहुणे कुठे आहेत, हे दोघांनीही विचारायचं नाही. पार्किंगच्या वादावर बोला, लिफ्टच्या दुरुस्तीवर बोला. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी तुमचं नाव पुकारेल, तेही आडनावासकट. तेव्हा न गडबडता उठा, 'आलोच, मेहुण्याची फाइल देऊन येतो' म्हणा, आणि पाऊण तासाने बाहेर या.