कॉलम भंगारात काढायची घाई नको

बडोद्यातल्या आमच्या मराठी सायन्सवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मकरपुऱ्यात नोकरी करणाऱ्या दोघातिघांनी तो मलाही पाठवला: ‘मेम्ब्रेन क्रोमॅटोग्राफी आली, कॉलम संपले! बारीक चाळणीतून प्रोटीन गाळून घ्या. वेग दहापट, म्हणून खर्च दहावा हिस्सा.’ क्रोमॅटोग्राफी म्हणजे मिश्रणातून हवं ते प्रोटीन वेगळं काढणं; कॉलम म्हणजे त्यासाठी रेझिनच्या सच्छिद्र मण्यांनी भरलेली नळी, मेम्ब्रेन म्हणजे सच्छिद्र पडदा. रोज हेच काम करतो, तेव्हा उत्तर द्यायला हवं.

चाळणी? अजिबात नाही. या मेम्ब्रेनची छिद्रं मायक्रॉनच्या घरातली, प्रोटीन काही नॅनोमीटरचं; आरामात पार जातं. पकड असते ती छिद्रांच्या भिंतीवर बसवलेल्या विद्युतभारित गटांची किंवा अँटिबॉडी धरणाऱ्या ‘प्रोटीन ए’ची. आकारानुसार गाळणारं ते अल्ट्राफिल्ट्रेशन, वेगळंच प्रकरण.

वेगाचं मात्र खरं आहे. रेझिनचा मणी साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा आणि बहुतेक जागा त्याच्या पोटात. मांडवीजवळच्या एखाद्या पोळमध्ये, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या वस्तीत, शिरल्यासारखं प्रोटीनला विसरणाने (डिफ्यूजनने) आत रेंगाळत जावं लागतं, म्हणून कॉलमला मिनिटं द्यावी लागतात. मेम्ब्रेनमध्ये घरं, म्हणजे पकडीच्या जागा, हमरस्त्यावरच! वाहता द्रवच प्रोटीनला दारात सोडतो. काही सेकंद पुरतात. प्लास्मिड (डीएनएचं मोठं वलय), व्हायरस यांना तर मण्यात नीट शिरताच येत नाही, तिथे मेम्ब्रेन सरस. इन्सुलिनसारखा छोटा रेणू मण्यातही पटकन शिरतो, मग वेगाचा फायदा उरतो थोडाच.

मेसेज क्षमतेबद्दल गप्प आहे. जुन्या प्रोटीन ए मेम्ब्रेन मिलीलीटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास अँटिबॉडी धरत; चांगलं रेझिन ४० च्या वर. नव्या मेम्ब्रेननी हे अंतर बरंच कमी केलंय, शिवाय छोटी मेम्ब्रेन भराभर पुन्हापुन्हा चालवता येते.

मेम्ब्रेनचं खरं घर म्हणजे शेवटचं पॉलिशिंग, उरलासुरला कचरा काढणं. क्यू, म्हणजे धनभारित गटांच्या, मेम्ब्रेनवरून पीएच ७ च्या आसपास बहुतेक अँटिबॉडी न चिकटता निघून जातात. ऋणभारित डीएनए, एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियांचं विष), बरेचसे व्हायरस अडकतात. पकडायचा कचरा एवढासा, म्हणून कमी क्षमता आड येत नाही आणि लिटरभर मेम्ब्रेनवर कित्येक किलो अँटिबॉडी जाते. याच कामाचा कॉलम क्षमतेसाठी नव्हे, नुसता वेग मिळावा म्हणून मोठा घ्यावा लागायचा. पण लोडमध्ये (मेम्ब्रेनवर सोडायच्या द्रवात) मीठ जास्त असलं की साध्या क्यूची पकड सुटते. मग पाणी घालून पातळ करा, आणि टाकी मोठी शोधा!

खर्च? मेम्ब्रेनची बंद डबी, म्हणजे कॅप्सूल, बहुधा एकदा वापरून टाकायची. महागडं रेझिन शंभरावर वेळा चालतं. कॉलम पॅक करणं, क्लीनिंग व्हॅलिडेशन (सफाई नीट झाल्याचं सिद्ध करणं) हे वाचतं खरं, म्हणून छोट्या बॅचेस आणि अनेक प्रॉडक्ट्स असतील तिथे मेम्ब्रेन परवडते. वर्षभर एकच प्रॉडक्ट काढणाऱ्या प्लांटचं गणित उलटं येऊ शकतं.

आणि ‘कॉलम संपले’? भारात किंचित फरक असलेली एकाच प्रोटीनची दोन रूपं ग्रेडियंटने (मीठ हळूहळू वाढवत) वेगळी करून बघा. कॅप्सूलमधल्या रिकाम्या जागेत द्रव मिसळतो, बाहेर येणारं प्रोटीन दाखवणाऱ्या यूव्हीच्या ग्राफवर पीकला लांब शेपूट येतं. हवेचा बुडबुडा काढायचा राहिला तर आणखीच. तिथे बारीक मण्यांचा, नीट पॅक केलेला कॉलमच लागतो.