हात माझे, चव तिची

शनिवारी पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन यायचं जेवण. गोड आणतो असं मीच बोलून बसलो होतो. असो.

आमच्या अटलांटात दर दुसऱ्या रस्त्याचं नाव पीचट्री, जॉर्जियाच्या नंबरप्लेटवरही पीच. प्रत्यक्षात जास्त पीच पिकतात कॅलिफोर्नियात आणि साउथ कॅरोलायनात. भलत्याला श्रेय द्यायची या राज्याची रीतच आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गोड म्हणून पीच कॉबलर करायचं ठरवलं. पण मे महिन्यातला पीच बाठ सोडत नाही. उकळत्या पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात टाकला की साल सुटते, पण गर कोयीला धरून बसतो आणि रस कोपरापर्यंत ओघळतो. मग ट्रेमध्ये वितळलेलं लोणी, त्यावर मैदा-साखर-दुधाचं सरसरीत पीठ, वर फोडी. आणि ढवळायचं नाही! डाव हातात असून गप्प उभं राहणं मराठी माणसाला किती जड जातं. 375 फॅरेनहाइटवर पाऊण तासात पीठ फुगून फोडींच्या वर येतं. झालं कॉबलर.

पॉटलकला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक काकू होत्या.

"अंडं नाही ना रे यात?"

"नाही काकू. मैदा, दूध, साखर, लोणी, पीच."

"पाठ करून आलायस की! बायकोनं पढवलं वाटतं."

"मीच केलंय."

"हो, हो," म्हणत त्यांनी चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. "वा! हाताला चव आहे हो तिच्या."

"काकू, ती पीचला शिवलीसुद्धा नाही."

"कडेला जरा करपलंय का रे?"

"ते कुरकुरीतच असतं..."

"ते तू केलं असशील. असू दे. पुरुषमाणसाला काय कळतंय त्यातलं." एवढं बोलून त्यांनी नेमकी ती करपलेली कडच खरवडून वाटीत घेतली आणि बायकोला हाक मारली. "अगं, वेलची नाही का घातलीस?"

"पुढच्या वेळी घालते, काकू."

घालते! डोळ्याची पापणी न लववता!

गाडीत विषय काढला, तर म्हणाली, रोजच्या पोळ्यांच्या कौतुकाची थकबाकी होती, ती वसूल केली. हिशेब बरोबर असेलही. पण मग ट्रेच्या तळाला चिकटलेली साखर रात्री साडेअकराला घासताना तिच्या हाताची आठवण कुणालाच कशी झाली नाही?