घोडा दिसला का?

डोंगरात आकार बघायचे म्हटलं की मला लहानपणापासून टेन्शन येतं. नाणेघाटातला नानाचा अंगठा ठीक आहे, खालून बघितला की अंगठाच दिसतो, कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण चीनमधल्या गुईलिनला जायचं बायकोने ठरवलं तेव्हा मला काय माहीत, की तिथे शहराभोवती चुनखडीचे सुळकेच सुळके आहेत आणि निम्म्या सुळक्यांत कुणी ना कुणी दडून बसलंय.

पहिल्या दिवशी हत्ती. नदीत सोंड बुडवून पाणी पिणारा डोंगर, सोंड आणि पायांच्या मधे आरपार भोक. हा मला लगेच दिसला आणि मी हवेत गेलो. दुपारी रीड फ्लूट गुहेत ती हवा निघाली. पावसाचं पाणी चुनखडी विरघळवत थेंबाथेंबाने गळतं आणि त्यातून हे खांब-झुंबरं होतात, इथवर सगळं कळलं, पण गाईडबाई म्हणतात हा सिंह, तो ड्रॅगन राजाचा महाल, आणि मला सगळीकडे वितळलेल्या मेणबत्त्या, त्यावर लाल-निळे लाईट, आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या मांडवासारखे. तरी मान हलवली. बायकोला ती मान ओळखता येते.

दुसऱ्या दिवशी ली नदीतून बोटीने यांगशुओ, 83 किलोमीटर, चार तास. वाटेत तो नऊ घोड्यांचा कडा येतो, दगडावरच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या डागांत घोडे शोधायचे, आणि ज्याला नऊच्या नऊ दिसतात तो जुन्या राजदरबारी परीक्षेत देशात पहिला यायचा म्हणे. म्हणजे चार तासांच्या निवांत सहलीतपण परीक्षा! आख्खी बोट वरच्या डेकवर. बायकोला सात, पोराला नऊ (दहावीच्या प्रिलिममध्ये कुठे जाते ही नजर?), शेजारच्या चिनी आजींनी माझं तोंड बघून बोट धरून धरून दाखवलं, मला एकच दिसला आणि तोही बसलेला. बायको म्हणाली, ते झुडूप आहे.

मग शिंगपिंगजवळ 20 युआनच्या नोटेमागचा देखावा. नोट हातात धरून मागे तेच डोंगर जुळवायचे आणि फोटो. आमच्याकडे नोटच नाही, चहापासून सगळं मोबाईलवर स्कॅन करून घेतलेलं, शेवटी त्याच आजींनी पर्समधून काढून दिली. मी जुळवतोय, बोट पुढे चाललीय, पोरगा ओरडतोय "बाबा डावीकडे", बायको म्हणतेय "वर घ्या, वर". क्लिक.

घरी आल्यावर तो फॅमिली ग्रुपवर टाकला. नोटेवरचे डोंगर माझ्या अंगठ्याखाली आणि खरे डोंगर नोटेमागे. दोन मिनिटांत दादाचा मेसेज, "नाणेघाटला कधी गेलात?"