पंखा लावला म्हणून बाळाच्या नाकातला धूर जात नाही

'घरातल्या सिगारेटचा उगाच बाऊ' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझ्या भाचीला सातवा महिना लागलाय, आणि तिच्या सासऱ्यांनी तो थेट तिलाच पाठवला. "मावशी, खरं आहे का गं हे?" असं तिने विचारलं. त्यातला एक अर्धामुर्धा मुद्दा सोडला तर काहीही खरं नाही.

पहिला दावा, खिडकी उघडी ठेवून पंखा लावला की धूर निघून जातो. पंखा धूर बाहेर काढत नाही, खोलीभर फिरवतो. वन रूम किचनमध्ये दारापाशी ओढलेली सिगारेट दोन मिनिटांत पाळण्यापर्यंत पोचते. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरांचा, २००६ सालचा अहवाल याच विषयावर आहे. दुसऱ्याच्या धुराचं कुठलंही सुरक्षित प्रमाण नाही आणि वेगळी खोली, खेळती हवा, हवा शुद्ध करणारी यंत्रं यांपैकी कशानेही तो पूर्ण टळत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

दुसरा दावा, फिल्टरची सिगारेट असली की घरच्यांना धुराचा त्रास नाही. फिल्टर असतो ओढणाऱ्याच्या ओठात. ॲशट्रेवर टेकवलेल्या सिगारेटच्या जळत्या टोकातून जी निळसर रेघ वर चढते, ती कुठल्या फिल्टरमधून जाते? घरच्यांच्या वाट्याला मुख्यतः तोच धूर येतो. विडीचं तर बोलायलाच नको.

आता तो मुद्दा, जो वाचून माझं डोकं फिरलं: 'लहानपणापासून थोड्या धुराची सवय झाली की मुलं काटक होतात.' कोणी लिहिलं हे? धुराने प्रतिकारशक्ती वाढत नाही. श्वासनलिकेच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ आणि धूळ वर ढकलत राहतात. धुराने तेच निकामी होतात, म्हणून अशा घरातल्या पोराचा खोकला हटत नाही. तान्हं बाळ मिनिटाला तीस ते साठ वेळा श्वास घेतं, आपण बारा ते वीस वेळा. वजनाच्या मानाने त्याच्या फुप्फुसांत आपल्यापेक्षा जास्त धूर जातो, आणि त्याला उठून बाहेर जाता येत नाही. त्याच अहवालात मुलांना काय होतं तेही दिलंय: श्वसनमार्गाचे संसर्ग, कानाचे आजार, दम्याचे जास्त तीव्र झटके, आणि तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू. याला काटक होणं म्हणायचं?

'आई ओढत नाही, मग पोटातल्या बाळाला काय होणार?' तिच्या श्वासातून निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तात जातं, तिथून वारेतून बाळापर्यंत. कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. बाळाचं वजन कमी भरण्याचं हेही एक कारण आहे. आणि खुद्द आईचं काय? जपानमध्ये हिरायामा या संशोधकांनी सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षं नोंद ठेवली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त, हे त्यांनी १९८१ सालीच दाखवून दिलं.

'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते.' असतील. आजीचा दमा कशाने होता, हे त्या घरात कधी कोणी विचारलं का?

चुलीचा आणि उदबत्तीचा धूरही वाईट, हा मुद्दा मात्र बरोबर आहे. मान्य. मग बाळंतिणीच्या खोलीत धुरीही नको आणि विडीही नको. एका धुराने दुसरा माफ होत नाही.

सार्वजनिक जागी ओढायला २००८ पासून बंदी आहे, पण ती घराच्या उंबऱ्याआत येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांनी घरातच दुसऱ्याचा धूर घ्यावा लागतो असं सांगितलं. तेव्हा ओढायचीच असेल तर घराबाहेर, दार लावून, आणि आल्यावर शर्ट बदलून हात धुतल्याशिवाय बाळाला उचलायचं नाही. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, तिथे समुपदेशक बोलतात.