‘पकड-पाना घ्या, सोलर अन् गॅस घरीच जोडा’? जरा थांबा ओ!

महिनाभरात हा फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आला. म्हणणं असं की सोलर म्हणजे पॅनेलला पॅनेल जोडायचं, गॅसची लाइन म्हणजे तांब्याची नळी. व्हिडिओ बघून दोन्ही स्वतः करा, निम्मे पैसे वाचतील. वर फोडणी, ‘आपल्या सोलापुरात यंत्रमाग दुरुस्त करणारे हात घरोघरी आहेत.’ आहेत की. मीही पूर्व भागात मागांच्या मोटारी जोडता जोडताच वायरमन झालो. म्हणून तर लिहितोय.

‘पॅनेलची वीज डीसी असते, बॅटरीसारखी, शॉक बसत नाही.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. साडेपाचशे वॅटचं एक पॅनेल उन्हात 50 व्होल्टच्या आसपास देतं. सहा पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लावली की 300 व्होल्ट झाले. घरातला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा, प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला विझायला संधी मिळते. डीसी एकाच दिशेनं वाहतो, शून्यावर येतच नाही. सैल जोडात आर्क, म्हणजे सलग ठिणगी, धरला की तो जळत राहतो. आणि बंद कुठून करणार? पॅनेलच्या डीसीची घरात चालणारी एसी करणारा इन्व्हर्टर असतो, त्याचा स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनेलच्या वायरीत व्होल्टेज आहेच.

माझ्या मावसभावानं जुळे सोलापुरात हा प्रयोग केला. पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या एमसी-फोर कनेक्टरच्या पिना वायरीवर आवळायचं क्रिंपिंग टूल नाही म्हणून पकडीनं दाबल्या. कनेक्टर ‘टक्’ करून बसले, इन्व्हर्टरवर युनिट दिसायला लागले, गल्लीत पेढे वाटले. मे महिन्यात मावशी कुरडया उचलायला गच्चीवर गेली तर जळकट वास. मी जाऊन बघितलं तर पॅनेलखालचा एक कनेक्टर वितळून चिंचोक्यासारखा काळा गोळा झालेला. पाच महिने तो जोड ‘चालू’च होता. पकडीची चूक त्या दिवशी कुणालाच दिसली नसती, मलाही नाही.

‘लाइट गेली तरी सोलरवर फ्रिज चालतो.’ बॅटरी नसलेला, ग्रीडला म्हणजे बाहेरच्या वीज लाइनला जोडलेला इन्व्हर्टर लाइट जाताच बंद पडतो, आणि तसा तो मुद्दाम बनवलेला असतो. तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेला लाइनमन मरेल.

पैशाचं म्हणाल तर पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30,000 रुपये आणि 3 किलोवॅट किंवा जास्त असेल तर एकूण 78,000 रुपये अनुदान आहे. सोलर नोंदणीकृत विक्रेत्यानं बसवलं आणि पॅनेल देशात बनलेल्या सेलची असली तरच ते मिळतं. स्वतः बसवलं की 78,000 वर पाणी. शिवाय केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, बटण तुम्ही बदलू शकता. त्यापुढचं वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराचं काम.

आता गॅस. ‘साबणाचं पाणी लावा, फुगा आला नाही की लाइन पास.’ साबणाचं पाणी लावाच, पण ते हात पोचतो त्या जोडापुरतं. भिंतीत गाडलेल्या जोडाला ते कसं लावणार? म्हणून जाणकार माणूस लाइन दाबानं भरून बंद करतो आणि दाब मोजणाऱ्या गेजचा काटा उतरतोय का ते बघत बसतो. ‘वरची खिडकी उघडी ठेवा, गॅस निघून जातो’ हे तर अर्धंच खरं. पाइपनं येणारा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. तो ओट्याखाली, मोरीकडे जमिनीलगत साचतो. वास आला की बटण चालू-बंद काहीच करू नका. रेग्युलेटर बंद करून खालची दारं उघडा आणि बाहेर पडून 1906 ला फोन लावा.

एजन्सीवाले जास्त लावतात हे मात्र खरं, काही जण तर अर्थिंगच्या, म्हणजे वीज जमिनीत उतरवणाऱ्या, रॉडमध्येही पैसे मारतात. त्याला उपाय तीन कोटेशन, आणि प्रत्येकात डीसी वायरची जाडी, अर्थिंग किती, आभाळातली वीज झेलणाऱ्या अरेस्टरला वेगळं अर्थिंग आहे का हे लेखी. वळवात आपल्याकडे विजा कशा पडतात ते सांगायला नको. हाताला कामच हवं असेल तर पॅनेल पुसा, पहाटे, काच थंड असताना. बोअरचं पाणी तेवढं वापरू नका, क्षारांचे पांढरे डाग बसतात. नळाचं वापरा, आणि ते आपल्याकडे कुठल्या दिवशी येतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.