‘८६ टक्के’चा मेसेज आणि मांजर धरणारे हात

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. ऑक्सफर्डच्या संशोधनाप्रमाणे प्राण्यांच्या दवाखान्यातल्या सहायकांच्या ८६ टक्के नोकऱ्या जाणार, यंत्रं येऊन ठेपलीच आहेत, गुरांचा रोग ॲप ओळखेल आणि माज (गाय फळवायची वेळ) गळ्यातला पट्टा सांगेल, तसंही या कामाला कौशल्य लागत नाही, तेव्हा मुलांनी या वाटेला जाऊ नये, असं त्यात म्हटलंय. मी पशुवैद्य आहे. आधी गावाकडे गुरांवर उपचार केले, आता शहरात कुत्र्या-मांजरांवर करतो. माझ्याकडे काम करणाऱ्या मुलाने हा मेसेज दाखवून विचारलं, “सर, दुसरं काही बघू का?” त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

‘८६ टक्के नोकऱ्या जाणार.’ हा आकडा ऑक्सफर्डच्या कार्ल फ्रे आणि मायकल ऑस्बोर्न यांच्या २०१३च्या अभ्यासातला आहे. त्यांनी अमेरिकेतले ७०२ व्यवसाय घेतले. त्यातल्या ७० व्यवसायांवर ‘यंत्राला जमेल’ किंवा ‘जमणार नाही’ असा शिक्का तज्ज्ञांशी बोलून हाताने मारला आणि त्यावरून संगणकाने सगळ्या यादीला गुण दिले. ०.८६ म्हणजे हे काम यंत्राकडे जाऊ शकेल याची त्यांनी काढलेली शक्यता. शंभरातल्या ८६ जणांना घरी पाठवणार, असा त्याचा अर्थ होत नाही.

त्याच यादीत इतरत्र पाहिलं तर पशुवैद्यकीय तंत्रज्ञांपुढे ०.०२९ दिसतं, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी. पशुवैद्यांपुढे ०.०३८. एकाच खोलीत, एकाच टेबलाभोवती उभी असलेली ही माणसं! अमेरिकेत तंत्रज्ञ रक्त काढतो, भुलीवर लक्ष ठेवतो. सहायक जनावर धरतो, पिंजरे धुतो, खाऊ घालतो. आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत ही दोन्ही कामं एकच माणूस करतो. मग त्याच्यासाठी कोणता आकडा धरायचा? मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी भीतीदायक होता तो उचलला. आणि अमेरिकेतच काय झालं? २०१२च्या सुमारास असे सहायक पाऊण लाखाच्या घरात होते. दहा वर्षांनी ते एक लाखाच्या वर गेले.

‘यंत्रं आलीच आहेत.’ आली आहेत, माझ्याकडेही आहेत. रक्तपेशी मोजायचं यंत्र काही मिनिटांत कागद हातात देतं. पण त्या यंत्रापर्यंत रक्त पोचायला हवं. घाबरलेली मांजर टॉवेलात कशी गुंडाळायची, मान किती दाबायची, कुठल्या क्षणी तिला सोडून द्यायचं आणि दहा मिनिटं अंधारात बसू द्यायचं, हे धरणाऱ्याला कळावं लागतं. ओढाताण झाली तर नळीत गुठळी होते आणि नमुना वाया जातो. शिवाय मांजरीच्या रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटतात, यंत्र त्या कमी मोजतं आणि धडधाकट मांजर कागदावर आजारी दिसते. तेव्हा काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावंच लागतं.

भुलीचंही तसंच. मॉनिटर हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन दाखवतो, पण जिभेवरची चिमटी जरा सरकली तरी आकडा कोसळतो. अशा वेळी हिरड्यांचा रंग बघणारं, पापणीला बोट लावणारं, छातीवर हात ठेवून श्वास मोजणारं माणूस शेजारी लागतं. माझी नजर टाक्यांवर असते. ‘सर, हिरड्या फिकट वाटतात’ हे वाक्य मला एकापेक्षा जास्त वेळा वेळेवर ऐकू आलंय, आणि ती जनावरं घरी गेली.

‘गुरांचा रोग आता ॲप ओळखेल, माज गळ्यातला पट्टा सांगेल.’ पट्टा माज सांगतो, खरं आहे. त्यानंतर कृत्रिम रेतनासाठी गाय खोड्यात घ्यावी लागते, हात घालून गर्भाशयाचं मुख चाचपावं लागतं आणि रेतमात्रा योग्य जागी सोडावी लागते. ॲपमधल्या नोंदीसाठी जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला हवा. तो मारताना म्हशीचं डोकं कुणीतरी धरतंच.

२०२२ आठवा. गुरांचा लम्पी त्वचारोग आला तेव्हा महाराष्ट्रात, २०१९च्या पशुगणनेप्रमाणे, गाय-बैलच सुमारे १ कोटी ४० लाख होते. लम्पीवर वापरलेली शेळ्यांच्या देवीची लस प्रत्येकाच्या कातडीखाली टोचायची होती. ती पशुधन पर्यवेक्षकांनी, परिचरांनी, खासगी सेवादात्यांनी गोठ्या-गोठ्यात जाऊन टोचली. दोन-चार जनावरं असलेला, विजेचा भरवसा नसलेला गोठा यंत्र बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नसतो, आणि आपल्याकडे बहुतेक गोठे असेच आहेत.

‘कौशल्य लागत नाही.’ हे लिहिणाऱ्याने अंग (गर्भाशय) बाहेर आलेली गाय पाहिलेली नसावी. मी अंग आत ढकलत असतो तेव्हा ते स्वच्छ चादरीवर उचलून धरणारा, गाय कधी कण्हून जोर करणार हे आधी ओळखून ‘थांबा’ म्हणणारा माणूस नसेल तर मी काही करू शकत नाही. मला हे गावातल्या एका परिचराने शिकवलं. पदवी माझ्याकडे होती.

बदल होणार नाही असं मी म्हणत नाही. केसपेपर, लसीच्या तारखेचे फोन, बिलं, साठ्याची नोंद ही कामं यंत्राकडे चाललीत आणि जावीत. दिवसभर एवढंच करणाऱ्याने हातात आणखी काही घ्यायला हवं.

पण माणसं हे काम सोडताहेत ती वेगळ्याच कारणांनी. पगार तुटपुंजा, चावे-ओरखडे नेहमीचे, आणि कुत्रा चावायच्या आधी घ्यायची रेबीजची लससुद्धा अनेक ठिकाणी मालक देत नाहीत. आता हा मेसेज दाखवून ‘तुझं काम तसंही जाणारच’ म्हणत पगारवाढ टाळणारेही निघतील. माझ्याच पेशातल्यांना म्हणून सांगतो, असं करू नका.

त्या मुलाच्या लसीचा शेवटचा डोस गेल्या आठवड्यात झाला. दुपारी गर्दी ओसरली की तो तासभर माझ्याशेजारी सूक्ष्मदर्शकावर बसतो. काल त्याने मांजरीच्या रक्तातली चिकटलेली प्लेटलेटची गुठळी माझ्या आधी शोधली.