प्लेटोच्या तोंडी चातुर्वर्ण्य घालू नका

‘जगातले सगळे देव आपलेच, सगळी तत्त्वज्ञानं आपलीच’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतो आहे. आधी मी दुर्लक्ष केलं. मग थोरल्या काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि भाचीने विचारलं, ‘मावशी, प्लेटोनेही वर्णव्यवस्था मानली होती ना? वक्तृत्व स्पर्धेत हाच मुद्दा घेतेय.’ काकांचा मला आदर आहे, पण आता गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ग्रीकांचा झ्यूस म्हणजे इंद्र आणि रोमनांचा जेनस म्हणजे गणपती. ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांच्या स्टोइक पंथाने गीता उचलली. तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हणजे ग्रीसचा चार्वाक, दोघेही चैनबाज, म्हणून दोघेही बुडाले. आठवड्याचे वार रोमला आपण दिले. आणि ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचे तीन वर्ग म्हणजे चातुर्वर्ण्यच, त्यामुळे वर्ण हा निसर्गनियम आहे, ग्रीकांनीही तो ओळखला होता.

शेवटचा मुद्दा आधी घेते. बाकीचे नुसते चुकीचे आहेत, हा घातक आहे. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेला तो परदेशी साक्षीदार मिळवून देतो, आणि तो साक्षीदारही खोटा.

प्लेटोचा ‘रिपब्लिक’ हा ग्रंथ संवादरूपात आहे. त्याच्या तिसऱ्या पुस्तकात सॉक्रेटिस एक गोष्ट सांगतो. देवाने राज्य करणाऱ्यांत सोनं मिसळलं, त्यांच्या साहाय्यक योद्ध्यांत चांदी, शेतकरी-कारागिरांत लोखंड आणि कांसं. मेसेज इथेच थांबतो. पण ही गोष्ट सुरू करतानाच सॉक्रेटिस तिला असत्य म्हणतो, नगराच्या भल्यासाठी रचलेलं असत्य. सांगताना तो इतका कचरतो की संवादातला त्याचा श्रोता ग्लॉकॉन त्याला तसं बोलून दाखवतो. गोष्ट संपल्यावर सॉक्रेटिस विचारतो, लोकांना हे पटवायचा काही उपाय आहे का? ग्लॉकॉन म्हणतो, या पिढीला तरी पटणार नाही, पुढच्या पिढ्यांना कदाचित पटेल. निसर्गनियम असता, तर पिढ्यान्‌पिढ्या पढवायची वेळ का आली असती?

पुढचं वाक्य तर मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलंच दिसत नाही. सोन्याच्या आईबापांपोटी चांदीचं मूल जन्मू शकतं, चांदीच्यांपोटी सोन्याचं. राज्यकर्त्याच्या स्वतःच्या मुलात लोखंड-कांसं निघालं, तर दयामाया न दाखवता त्याला शेतकरी-कारागिरांत पाठवा, आणि त्यांच्यात सोन्याचं मूल जन्मलं, तर त्याला मानाने वर आणा, असा देवाचा राज्यकर्त्यांना पहिला आदेश आहे. म्हणजे वर-खाली ने-आण करणं हे राज्यकर्त्यांचं पहिलं कर्तव्यच. शिवाय वरच्या दोन्ही वर्गांना खासगी मालमत्ता नाही, सोन्याचांदीला हात लावायचा नाही, स्वतःचं वेगळं कुटुंब नाही. पाचव्या पुस्तकात बायकांनाही तेच शिक्षण आणि तीच रक्षकाची कामं दिली आहेत. वर्णव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या किती जणांना यातलं एक तरी कलम चालेल?

एक गोष्ट मान्य करायला हवी, नाइलाजाने का होईना. दोन्हीकडे समाजाची कामावरून विभागणी आहे, आणि मुलं बहुतेक वेळा आईबापांसारखीच निपजतील असं प्लेटोही म्हणतो. त्याचं नगर आदर्श होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्या अथेन्समध्ये तो लिहीत होता ते गुलामांच्या कष्टांवर चाललं होतं.

पण ही तुलना नवी नाही, आणि तिचं उत्तरही नवं नाही. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेलं आणि होऊ न शकलेलं भाषण १९३६ साली त्यांनी स्वतः छापलं. त्यात त्यांनी प्लेटो आणि चातुर्वर्ण्य शेजारी शेजारी ठेवले आणि दोघांवर एकच आक्षेप घेतला: माणसांना तीन-चार ठरावीक कप्प्यांत कोंबणं हा माणसाचा अगदी वरवरचा विचार आहे. प्रत्येक व्यक्ती वेगळी असते हे प्लेटोला दिसलं नाही, आणि चातुर्वर्ण्य त्याच कारणाने कोसळतं. शिवाय प्रत्येकाला आपापल्या वर्णात ठेवायचं तर शिक्षेचा धाक लागतो, हे त्यांनी शूद्र असून तप केलं म्हणून रामाने केलेल्या शंबूकाच्या वधावरून दाखवलं. मेसेज ज्या साम्याचा पुरावा म्हणून अभिमानाने मिरवतो, त्याच साम्यावरून बाबासाहेबांनी दोन्ही कल्पना मोडीत काढल्या. भाचीला मी तेवढी पानं वाचायला दिली आहेत.

आता बाकीचे मुद्दे.

झ्यूस म्हणजे इंद्र नव्हे. दोघांच्या हाती वज्र आहे, हे खरं. पण नावाने झ्यूसचा भाऊबंद म्हणायचा तर तो आपला आकाशदेव द्यौः, ज्याला ऋग्वेदात स्वतंत्र सूक्तसुद्धा नाही. जेनस-गणपती हा तर निव्वळ बादरायण संबंध. जेनस दारांचा, दोन तोंडांचा देव, आणि कार्यारंभी दोघांचं नाव घेतात एवढंच साम्य. मुळात हे समीकरण अठराव्या शतकात कलकत्त्याच्या एका इंग्रज न्यायाधीशाने, विल्यम जोन्सने मांडलं. त्याच जोन्सने १७८६ साली सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान मुळातून निघाल्या आणि ते मूळ आता बहुधा अस्तित्वात नाही. यातून या भाषा बहिणी ठरतात. कुणी कुणाची आई ठरत नाही.

स्टोइक आणि गीता. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे ओळखून वागा, ही स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसची शिकवण वाचताना कर्मयोग आठवतो. तेवढं साम्य मला मान्य आहे. पण गीता आत्म्याबद्दल म्हणते ‘नैनं दहति पावकः’, अग्नी त्याला जाळत नाही. स्टोइकांच्या मते आत्मा हा एक प्रकारचा उष्ण श्वास, म्हणजे शरीरच. मरणानंतर तो टिकला तरी विश्व जळून जाईल तोवरच, मग तोही त्या अग्नीत विरतो. इतक्या मुळाशी फरक असताना ‘उचलली’ कशी म्हणता?

एपिक्युरस चैनबाज नव्हता. मित्राला पत्र लिहून तो चीजचं एक लहानसं भांडं मागतो, मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून. त्याला देवही मान्य होते, फक्त ते माणसांच्या भानगडीत पडत नाहीत असं तो म्हणे. चार्वाकांनी देव नाकारले. आणि ज्या ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’वरून चार्वाकांना आपण आजवर झोडपतो, तो श्लोक चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ग्रंथात येतो. ते वेदान्ती, म्हणजे विरोधी पक्षाचे. त्यांच्या साक्षीवर चार्वाकांना चैनबाज ठरवणं अन्यायाचं आहे.

वारांबद्दल तर मेसेजने गंगा उलटी वाहवली आहे. वेदकाळात दिवस मोजत तिथी-नक्षत्रांवरून. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई या रोमन शहराच्या भिंतीवर वारांच्या देवांची यादी सापडते, तर आपल्याकडे वाराचा जुन्यात जुना निश्चित उल्लेख ४८४ सालच्या, मध्य प्रदेशातल्या एरणच्या शिलालेखातला. ज्योतिषशास्त्र यवनांकडे, म्हणजे ग्रीकांकडे, नीट प्रस्थापित आहे, म्हणून म्लेच्छ असूनही ते ऋषींसारखे पूजले जातात, असं आपल्या ज्योतिषी वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तच आहे. त्याला हे लिहिताना कमीपणा वाटला नाही.

देवांच्या भेटीगाठीचा खराखुरा पुरावा हवा असेल, तर तो विदिशेजवळ बेसनगरला आहे, आणि या मेसेजमध्ये नेमका तोच नाही. आधी ग्रीक वकील मेगॅस्थेनिस भारतात आला तेव्हा त्याने इथल्या देवांना हेराक्लिस आणि डायोनिसस या ग्रीक देवांची नावं देऊन टाकली. पुढे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हेलिओडोरस हा ग्रीक राजदूत तक्षशिलेहून विदिशेच्या भागभद्र राजाकडे आला आणि त्याने बेसनगरला गरुडध्वज, म्हणजे गरुडस्तंभ, उभारला. त्यावरच्या ब्राह्मी लिपीतल्या प्राकृत लेखात तो स्वतःला भागवत, म्हणजे वासुदेवाचा भक्त, म्हणवतो आणि देवाला ‘देवदेव वासुदेव’. झ्यूस किंवा हेराक्लिस यांचं नाव त्या लेखात कुठेही नाही.